घरात कोंडलेले ते दिवस इंग्रजीत कसे सांगायचे

कोरोनाकाळावरचा इंग्रजी निबंध तपासायला आला की पहिलं वाक्य मी कागद न उघडताच सांगू शकते. ‘ड्यू टू द कोविड नाइन्टीन पँडेमिक, द होल वर्ल्ड केम टू अ स्टँडस्टिल.’ दुसऱ्या वाक्यात ‘अनप्रेसिडेंटेड’ येतो, तिसऱ्यात ‘फ्रंटलाइन वर्कर्स’. व्याकरणात खोट काढायला जागा नसते. पण लिहिणारा तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि त्याचं स्वतःचं काय झालं, याचा त्यात पत्ताच नसतो.

अशाच एका मुलाला मी मराठीत विचारलं, ‘सकाळी अकरा वाजता तू नेमका काय करत असायचास?’ मग जी टकळी सुरू झाली! पांघरुणात बसून वर्गाला हजेरी, कॅमेरा बंद, बहिणीबरोबर एकाच लॅपटॉपवरून मारामारी, आई सारखी दार ढकलून आत, आणि सरांनी नाव घेतलं की छातीत धस्स. हेच इंग्रजीत सांग म्हटल्यावर तो थांबला आणि म्हणाला, ‘आय वॉज अटेंडिंग ऑनलाइन लेक्चर्स अँड आय वॉज व्हेरी बोअरिंग.’

बातम्यांतले शब्द सगळ्यांना पाठ आहेत. खोलीतले शब्द मात्र कुणी शिकवलेच नाहीत, आणि अडतं ते तिथेच. मुलाखत असो, तोंडी परीक्षा असो किंवा प्रवेशअर्जासोबतचा स्वतःविषयीचा निबंध, समोरच्याला ऐकायची असते ती खोली. म्हणून हा लेख तिच्याभोवती फिरतो. इंग्रजी शब्द मी मुद्दाम देवनागरीत देते आहे, म्हणजे ते आधी कानावर पडतील. स्पेलिंग शब्दकोशात बघून घ्या.

पहिली पायरी: एक तास निवडा आणि तो मराठीत लिहा

‘माझा लॉकडाऊन’ असा विषय घेऊ नका, तो फार मोठा आहे. एका दिवसातला एकच तास घ्या आणि पाच मिनिटं मराठीत, मनात येईल तसं लिहा. लिहून झालं की क्रियापदांखाली रेघा मारा: कोंडलो, वैतागलो, डुलकी लागली, ओरडली, अडकलं, तुटलं. तुमची शब्दयादी हीच. इंग्रजी शोधायचं ते या क्रियापदांना. नामं आणि विशेषणं मागाहून आली तरी चालतात.

वयाचंही एक बघून घ्या. ‘टीनएजर’मधला ‘टीन’ येतो तो ‘थर्टीन’ ते ‘नाइन्टीन’ या आकड्यांच्या शेवटातून. २०२० मध्ये तुम्ही अकरा-बारा वर्षांचे असाल तर ‘प्रीटीन’ किंवा ‘ट्वीन’ म्हणा. त्याहून सरळ म्हणजे ‘आय वॉज इलेव्हन व्हेन स्कूल्स क्लोज्ड’. वयाचा आकडा दिला की वाचणाऱ्याला चित्र लगेच दिसतं.

दुसरी पायरी: सरकारी शब्द एकदाच नीट लावून घ्या

ते टाळता येत नाहीत, पण एकमेकांच्या जागी वापरले की घोळ होतो. ‘एपिडेमिक’ म्हणजे एखाद्या भागातली साथ, ‘पँडेमिक’ म्हणजे देशोदेशी पसरलेली. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला ‘पँडेमिक’ म्हटलं. ५ मे २०२३ रोजी तिने जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. संपली ती आणीबाणी. त्यामुळे ‘द पँडेमिक एंडेड ऑन’ अशी तारीख ठोकून देऊ नका.

‘लॉकडाऊन’ सगळ्यांवर लादला जातो. ‘क्वारंटाईन’ ज्याचा संसर्गाशी संपर्क आला असेल त्याचं, तो आजारी पडतो का हे कळेपर्यंत. ‘आयसोलेशन’ प्रत्यक्ष बाधा झालेल्याचं. म्हणजे वडिलांची चाचणी पॉझिटिव्ह आली तेव्हा ते ‘आयसोलेशन’मध्ये होते आणि तुम्ही ‘क्वारंटाईन’मध्ये. दोघंही त्याच घरात असलात तरी. बोलताना इंग्रज लोकही हा भेद पाळतातच असं नाही, पण लिहिताना पाळलेला बरा.

दोन्ही शब्दांच्या मुळाशी गोष्टी आहेत. १३७७ मध्ये रगुसा, म्हणजे आजचं दुब्रॉव्हनिक, या बंदराने प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवायचा नियम केला. पुढे मुदत चाळीस दिवसांवर गेली, आणि इटालियनमध्ये चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात. ‘आयसोलेशन’चं मूळ लॅटिनमधल्या बेटाच्या शब्दात, ‘इन्सुला’त. आपली खोली म्हणजे एक बेट होतं, ही कल्पना निबंधात कुणी वापरली तर मी एखादा गुण जास्त देईन. आतापर्यंत कुणी वापरलेली नाही.

देशागणिक शब्द बदलतात, हेही ठाऊक असावं. अमेरिकेत ‘शेल्टर इन प्लेस’ आणि ‘स्टे-अ‍ॅट-होम ऑर्डर’, सिंगापूरमध्ये ‘सर्किट ब्रेकर’, फिलिपिन्समध्ये ‘कम्युनिटी क्वारंटाईन’. ऑस्ट्रेलियात लोक आयसोलेशनला लाडाने ‘आयसो’ म्हणू लागले. लस ब्रिटनमध्ये ‘जॅब’, अमेरिकेत ‘शॉट’. २०२० या वर्षाचा शब्द म्हणून कॉलिन्स शब्दकोशाने ‘लॉकडाऊन’ निवडला, केंब्रिजने ‘क्वारंटाईन’, मेरियम-वेबस्टरने ‘पँडेमिक’. ऑक्सफर्डला एक शब्द पुरेना, त्यांनी यादीच काढली.

आपल्याकडच्या बोलण्यातला ‘इन कोरोना टाइम’ मात्र सोडा. ‘ड्युरिंग द पँडेमिक’ किंवा ‘इन लॉकडाऊन’ म्हणा. ‘इन लॉकडाऊन’ म्हणताना मध्ये ‘द’ लागत नाही, ‘ड्युरिंग द लॉकडाऊन’मध्ये लागतो.

तिसरी पायरी: चार भिंती

‘घरात कोंडून पडलो होतो’ याला सगळ्यात चपखल शब्द ‘कूप्ड अप’. ‘कूप’ म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. ‘आय वॉज कूप्ड अप इन माय रूम फॉर मंथ्स.’ त्याहून साधं हवं असेल तर ‘स्टक’: ‘आय वॉज स्टक अ‍ॅट होम.’ याच ‘स्टक’पुढे ‘विथ’ लावलं की रोख माणसांकडे वळतो. ‘आय वॉज स्टक विथ माय ब्रदर’ म्हणजे भाऊ गळ्यात पडला होता.

कोंडून कोंडून डोकं फिरायची वेळ आली की ‘स्टर-क्रेझी’. इथलं ‘स्टर’ ढवळण्याचं नाही, ते तुरुंगाचं जुनं बोलीतलं नाव आहे. ‘केबिन फीव्हर’चा अर्थही तोच, फक्त साथीच्या गोष्टीत तो जपून वापरा. एका मुलीने ‘आय हॅड फीव्हर, केबिन फीव्हर’ असं लिहिलं होतं. विनोद चांगला होता, पण परीक्षकाला तिचा ताप मोजावासा वाटला असणार.

भिंतींवरून दोन वाक्प्रचार आहेत आणि त्यांची हमखास गल्लत होते. ‘आय वॉज क्लाइमिंग द वॉल्स’ म्हणजे मी स्वतः कंटाळून, तगमगून गेलो होतो. ‘ही ड्रोव्ह मी अप द वॉल’ म्हणजे त्याने मला वात आणला. पहिल्यात दुसऱ्या माणसाची गरज नाही, दुसऱ्यात आहे.

‘ग्राउंडेड’ म्हणजे आईवडिलांनी शिक्षा म्हणून बाहेर जायला बंदी करणं. तेव्हा ‘आय वॉज ग्राउंडेड’ लिहिलंत तर वाचणारा विचारेल, काय प्रताप केला होता? पण याच अर्थाचा फायदा घेता येतो: ‘इट फेल्ट लाइक बीइंग ग्राउंडेड फॉर समथिंग आय हॅडन्ट डन.’ न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा. कुमारवयातल्या माणसाची तक्रार एका वाक्यात मांडायची तर याहून बरं मला सुचलेलं नाही.

चौथी पायरी: घरातली माणसं

हे मी जरा लांबवणार आहे, कारण गोष्ट इथे जिवंत होते.

जागा कमी आणि माणसं जास्त, तर ‘वी वेअर ऑन टॉप ऑफ ईच अदर’. शब्दशः घेऊ नका, दाटीवाटीने राहणं एवढाच अर्थ. स्वतःचा कोपरा नव्हता हे ‘आय हॅड नो स्पेस टू मायसेल्फ’ने सांगता येतं. लॅपटॉप आळीपाळीने वापरला तर ‘वी टुक टर्न्स’, आणि बहिणीने तो बळकावूनच ठेवला तर ‘शी हॉग्ड द लॅपटॉप’. ‘हॉग’ म्हणजे डुक्कर. बहीण हे वाचणार असेल तर तुमचं तुम्ही बघा.

न विचारता धाडकन आत येणं म्हणजे ‘बार्ज इन’. सतत मागे लागणं ‘नॅग’. वसकन अंगावर येणं ‘स्नॅप अ‍ॅट’: ‘आय स्नॅप्ड अ‍ॅट माय मदर ओव्हर नथिंग.’ शेवटच्या ‘ओव्हर नथिंग’मध्ये कबुली आहे, की कारण काहीच नव्हतं. क्षुल्लक कारणावरून कुरबुरी म्हणजे ‘बिकर’. खरं भांडण झालं तर ‘हॅव अ रो’, आणि यातल्या ‘रो’चा उच्चार ‘काउ’शी यमक जुळेल असा, ‘राउ’. घरात कुणाचा तरी पारा चढलेला असायचा आणि सगळे जपून बोलायचे, तर ‘वी वेअर वॉकिंग ऑन एगशेल्स’, अंड्याच्या टरफलांवरून चालल्यासारखं. एखाद्याची सवय डोक्यात जायची, तर ‘हिज चुइंग गॉट ऑन माय नर्व्ह्ज’. इथे माणसापेक्षा सवयीचं नाव घ्या. वाक्य जास्त खरं वाटतं आणि घरातल्यांना कमी लागतं.

आता एक छोटी युक्ती, माझ्या मते या लेखातली सगळ्यात उपयोगी. मराठीत आपण ‘सारखं’ म्हणतो: आई सारखी आत यायची, नेट सारखं जायचं, मी सारखा फोन बघायचो. त्याला इंग्रजीत ‘अगेन अँड अगेन’ जोडायची खोड असते. त्याऐवजी ‘केप्ट’ घ्या आणि पुढच्या क्रियापदाला ‘इंग’ लावा. ‘मम केप्ट बार्जिंग इन.’ ‘द कनेक्शन केप्ट ड्रॉपिंग.’ ‘आय केप्ट चेकिंग माय फोन.’ या एका ‘केप्ट’ने तुमच्या इंग्रजीतला निम्मा मराठी वास जातो.

चांगल्या गोष्टींनाही शब्द हवेत. ‘वी ग्रू क्लोजर’, आम्ही जवळ आलो. ‘आय स्टार्टेड पुलिंग माय वेट’, माझ्या वाट्याचं काम करायला लागलो. ‘चोअर्स’ म्हणजे घरातली रोजची कामं. ‘हाउसवर्क’ एकवचनीच राहतं, त्याला ‘स’ लावू नका.

पाचवी पायरी: पडद्यावरची शाळा

संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबाने २०२० मध्ये १९० हून अधिक देशांतल्या सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला शाळाबंदीचा फटका बसला. त्यामुळे ‘आय हॅड ऑनलाइन क्लासेस’ या वाक्यात तुमचं असं काहीच नाही. तुमचं आहे ते वर्गात काय बिघडायचं, त्यात.

आधी एक दुरुस्ती. शाळेतल्या तासाला ‘लेक्चर’ म्हणू नका. ‘क्लास’ किंवा ‘लेसन’ म्हणा. ‘लेक्चर’ विद्यापीठात असतं, आणि घरी ‘माय मदर गेव्ह मी अ लेक्चर’ म्हणजे आईने झापलं. ‘होमस्कूलिंग’चंही तसंच. त्याचा मूळ अर्थ पालकांनी मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणं. तुमची शाळा ऑनलाइन भरत होती, तर ते ‘रिमोट लर्निंग’.

‘नेटवर्क वॉज नॉट कमिंग’ हे मराठीचं सरळ भाषांतर. ‘द कनेक्शन वॉज टेरिबल’ म्हणा. चित्र थिजलं तर ‘माय स्क्रीन फ्रोज’. आवाज तुटत असेल तर ‘यू आर ब्रेकिंग अप’. ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, तो ‘लॅग’. मीटिंगमधून आपोआप बाहेर फेकलं गेलात तर ‘आय गॉट किक्ड आउट’, आणि मुद्दाम बाहेर पडलात तर ‘आय लॉग्ड ऑफ’. या दोन्हींतला फरक शिक्षकांना तेव्हा कळत नव्हता. निदान निबंधात तरी खरं लिहा.

‘ऑन’ आणि ‘ऑफ’ आपण क्रियापदासारखे वापरतो, ‘आय ऑफ्ड माय कॅमेरा’. इंग्रजीत ‘ऑफ’ क्रियापद झालं की बोलीत त्याचा अर्थ होतो ठार मारणं. ‘आय टर्न्ड माय कॅमेरा ऑफ’ म्हणा. सगळं वर्षच कॅमेरा बंद ठेवला असेल तर ‘आय केप्ट माय कॅमेरा ऑफ’.

लक्ष उडण्याच्या पायऱ्या इंग्रजीत छान वेगवेगळ्या आहेत. अर्धवट कान असणं ‘हाफ-लिसनिंग’. डोळे उघडे पण मन भलतीकडे, ‘झोनिंग आउट’. डुलकी लागणं ‘डोझिंग ऑफ’ किंवा ‘नॉडिंग ऑफ’. कामचुकारपणा ‘स्लॅकिंग ऑफ’. त्याचा परिणाम म्हणजे ‘फॉलिंग बिहाइंड’, अभ्यासात मागे पडणं, आणि परीक्षेआधी ‘क्रॅमिंग’. पण त्या वर्षी कित्येकांच्या परीक्षाच झाल्या नाहीत. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शालेय मंडळाने मे २०२० ची परीक्षाच रद्द केली. रद्द म्हणजे ‘कॅन्सल्ड’, पुढे ढकलली तर ‘पोस्टपोन्ड’ किंवा ‘पुट ऑफ’. आपला लाडका ‘प्रीपोन’ भारतीय इंग्रजीबाहेर फारसा कुणाला कळत नाही, त्याच्याऐवजी ‘ब्रॉट फॉरवर्ड’.

झोपेचं गणित तर सगळ्यांचंच बिघडलं होतं. मुद्दाम उशिरापर्यंत लोळणं ‘स्लीप इन’, जाग न येणं ‘ओव्हरस्लीप’. ‘आय स्लेप्ट अ‍ॅट थ्री’ ऐवजी ‘आय डिडन्ट फॉल अस्लीप टिल थ्री’. सगळंच विस्कटलं होतं, तर ‘माय स्लीप शेड्यूल वॉज ऑल ओव्हर द प्लेस’. वार कळेनासा झाला, त्यावरून ‘ब्लर्सडे’ हा थट्टेचा शब्द निघाला. ‘ब्लर’ म्हणजे धूसर, आणि शेपूट ‘थर्सडे’चं.

सहावी पायरी: कंटाळा एक नाही, तीन

‘आय वॉज बोअरिंग’ म्हणजे ‘माझ्यामुळे लोकांना कंटाळा यायचा’. ‘इंग’ भावना देणाऱ्याला लागतं, ‘ड’ भोगणाऱ्याला: क्लास ‘बोअरिंग’, मी ‘बोअर्ड’. ‘टायरिंग’ आणि ‘टायर्ड’, ‘अनॉइंग’ आणि ‘अनॉइड’, सगळे याच वाटेने जातात.

एवढं बहुतेकांना माहीत असतं. खरी अडचण पुढे आहे, कारण मराठीतला कंटाळा म्हणजे एकात तीन. करायला काहीच नाही म्हणून आलेला कंटाळा ‘बोअर्ड’. तेच तेच होऊन वीट आला तर ‘सिक ऑफ’ किंवा ‘फेड अप विथ’: ‘आय वॉज सिक ऑफ माय ओन रूम.’ आणि ‘केस विंचरायचाही कंटाळा यायचा’ यातला आळसाचा कंटाळा म्हणजे ‘आय कुडन्ट बी बॉदर्ड टू ब्रश माय हेअर’. तिन्ही ठिकाणी ‘बोअर्ड’ कोंबला की त्या दिवसांचा रंगच जातो.

‘करमत नाही’ला एकशब्दी इंग्रजी नाही, शोधू नका. सगळ्यात जवळ जातं ते पूर्ण वाक्य: ‘आय डिडन्ट नो व्हॉट टू डू विथ मायसेल्फ.’ नुसती चुळबुळ असेल तर ‘रेस्टलेस’. ‘घुसमट’ घरच्यांच्या अति काळजीमुळे असेल तर ‘स्मदर्ड’, जागेमुळे असेल तर ‘हेम्ड इन’. चिडचिड म्हणजे ‘इरिटेबल’. सतत ताणलेली तार असावी तसं वाटणं म्हणजे ‘ऑन एज’.

‘फ्रस्ट्रेशन’ आपण मिठासारखं कशातही घालतो. इंग्रजीत ते तेव्हाच, जेव्हा काहीतरी करायचं असतं आणि वाट अडलेली असते. ‘टेन्शन’ही तसंच. ‘आय हॅड टेन्शन’ नाही, ‘आय वॉज वरीड’ किंवा ‘आय वॉज स्ट्रेस्ड’.

एका शब्दाबाबत मी कडक आहे: ‘डिप्रेस्ड’. ते आजाराचंही नाव आहे. वाईट गेलेल्या दिवसांसाठी ‘लो’, ‘डाउन’, काहीच जाणवत नसेल तर ‘नम’ किंवा ‘फ्लॅट’. खरोखर निदान झालं असेल तर मात्र लपवू नका, ‘आय वॉज डायग्नोज्ड विथ डिप्रेशन’ असं स्पष्ट लिहा. आजारी नाही पण बराही नाही, नुसतं रखडत चाललंय, अशा अवस्थेला कोरी कीज या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने ‘लँग्विशिंग’ हा शब्द रूढ केला होता. २०२१ मध्ये तो एकाएकी सगळ्यांच्या तोंडी आला.

‘अलोन’ म्हणजे एकटा, ‘लोनली’ म्हणजे एकाकी. माणसांनी भरलेल्या घरातल्या मुलासाठी हा फरक म्हणजे सोनं आहे: ‘आय वॉज नेव्हर अलोन, बट आय वॉज लोनली.’ आणि काहींना उलट हायसं वाटलं होतं. शाळेत छळ व्हायचा तो थांबला, गर्दी टळली. ‘सीक्रेटली, आय वॉज रिलीव्ह्ड.’ असं लिहायला मुलं घाबरतात, आपण वाईट दिसू असं वाटतं. पण दुःखाच्या गठ्ठ्यात असा एक निबंध आला की मी सरसावून बसते.

सातवी पायरी: मित्र आणि फोन

‘मला मित्रांची आठवण यायची’ म्हणजे ‘आय रिमेम्बर्ड माय फ्रेंड्स’ नव्हे. ‘रिमेम्बर्ड’ म्हणजे विसरलो नव्हतो, एवढंच. ‘आय मिस्ड माय फ्रेंड्स’ म्हणा. अनुभव हुकले तर ‘मिस आउट ऑन’: ‘वी मिस्ड आउट ऑन अवर फेअरवेल.’

भांडण न होताही दोस्त दुरावले तर ‘वी ड्रिफ्टेड अपार्ट’, पाण्यावर वाहत जावं तसं. भांडून बोलणं बंद झालं तर ‘वी फेल आउट’. कारण न सांगता कुणी गायबच झालं तर ‘शी घोस्टेड मी’. निळ्या खुणा दिसल्या पण उत्तर नाही, तर ‘ही लेफ्ट मी ऑन रेड’, आणि यातला ‘रेड’ लाल नाही, वाचलेला. वाईट बातम्या थांबताच न येता बघत राहणं ‘डूमस्क्रोलिंग’, मालिकेचे भाग एका दमात संपवणं ‘बिंज-वॉचिंग’. ‘ग्लूड टू माय फोन’ हा पालकांचा शब्द. स्वतःविषयी वापरलात तर थोडी गंमत येते.

आठवी पायरी: ‘-यचो’ला ‘वुड’

मराठीतली ‘करायचो, बसायचो, असायचं’ ही रूपं या विषयात ओळीओळीला येतात आणि मुलं प्रत्येक ठिकाणी ‘वॉज डूइंग’ लिहितात. त्याने एकाच क्षणाचं चित्र उभं राहतं, सवयीचं नाही. सवयीसाठी ‘वुड’: ‘एव्हरी नाइट, आय वुड लाय अवेक अँड स्क्रोल.’ स्थिती सांगायची असेल तर ‘वुड’ चालत नाही, तिथे ‘यूज्ड टू’: ‘आय यूज्ड टू हेट मंडेज.’ आणि हुकलेल्या गोष्टीची हळहळ ‘आय विश आय हॅड’ने: ‘आय विश आय हॅड कॉल्ड हर मोअर ऑफन.’

नववी पायरी: घरात कुणी गेलं असेल तर

इथे भाषा जितकी साधी तितकी बरी, आणि आपल्या इंग्रजीतले काही शब्द इथे वाईट दगा देतात. ‘माय ग्रँडफादर एक्स्पायर्ड’ आपल्याकडे चालतं. इतरत्र एक्स्पायर होतं ते दूध, औषध, पासपोर्ट. ‘ही पास्ड अवे’ किंवा सरळ ‘ही डाइड’. कारण सांगायचं तर ‘वी लॉस्ट हिम टू कोविड’. ‘ही वॉज सीरियस’ म्हणजे ते गंभीर स्वभावाचे होते. प्रकृतीसाठी ‘क्रिटिकली इल’. आजार झाला म्हणजे ‘शी टेस्टेड पॉझिटिव्ह’, त्यातून तगली म्हणजे ‘शी पुल्ड थ्रू’. शेवटचं भेटता आलं नाही, हे ‘वी नेव्हर गॉट टू से गुडबाय’. यापुढे विशेषण लावायची गरज नाही. ‘हार्टब्रेकिंग’ तर नकोच.

दहावी पायरी: जुळवणी

सुरुवातीच्या त्या मुलाने सगळं पहिल्यापासून लिहिलं. दुसऱ्या खर्ड्यातला हा तुकडा:

‘आय वॉज फोर्टीन, अँड आय शेअर्ड वन लॅपटॉप विथ माय सिस्टर. मॅथ्स वॉज अ‍ॅट इलेव्हन. आय वुड जॉइन फ्रॉम अंडर माय ब्लँकेट विथ माय कॅमेरा ऑफ. मम केप्ट बार्जिंग इन टू चेक इफ आय वॉज अवेक. वन मॉर्निंग द टीचर कॉल्ड माय नेम, अँड आय हॅड अ‍ॅक्चुअली डन द सम. आय एक्स्प्लेन्ड द होल थिंग. देन समवन टाइप्ड, यू आर ऑन म्यूट.’

यात अवघड शब्द एकच, ‘बार्जिंग इन’. ‘पँडेमिक’ नाही, ‘लॉकडाऊन’ नाही, ‘अनप्रेसिडेंटेड’ तर नाहीच, तरी काळ कोणता ते कळतं. शेवटी ‘इट वॉज सो फनी अँड सॅड’ असं एक वाक्य होतं, ते मी खोडलं. त्याला ते आवडलं नाही. दोन दिवस वाद घातला आणि मग स्वतःच म्हणाला, नको.

तुमचा तुकडा लिहून झाला की फोनवर स्वतःच्या आवाजात एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका. तिथे उच्चार पकडले जातात. ‘एसिम्प्टोमॅटिक’ची सुरुवात ‘ए’ने होते, ‘अ’ने नाही. आणि ज्याला आपण सगळे ‘क्वारंटाईन’ म्हणतो, मीही या लेखात तेच लिहीत आले, तो इंग्रजीत ‘क्वॉरन्टीन’ आहे, जोर पहिल्या अक्षरावर, शेवट ‘टीन’. तसा म्हटला तरच त्या काळात निघालेली ‘क्वारन-टीन’ ही कोटी कानाला कळते: घरात अडकलेला टीनएजर.